पेट-सीटीच्या अहवालात ‘कर्करोगाची शक्यता’, बायोप्सीत क्षयरोग : मग त्या तपासणीने नेमके पाहिले तरी काय?

वारणाकाठ

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात राहतात. निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. दिवाळीनंतर त्यांना संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, अन्नावरची वासना गेली आणि अडीच महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले. खोकला होता, पण कोरडा. थुंकीची तपासणी दोनदा केली, ती दोन्ही वेळा निर्दोष आली. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात लिम्फ नोडच्या मोठ्या गाठी दिसल्या, तेव्हा डॉक्टरांनी पुण्याला जाऊन पेट-सीटी करून घ्यायला सांगितले. त्यासाठी अठरा हजार रुपये लागले.

अहवालात लिहिले होते की या गाठी ‘एफडीजी-अ‍ॅव्हिड’ आहेत, म्हणजे टोचलेले एफडीजी हे किरणोत्सारी औषध त्या जास्त ओढतात, त्यांची कमाल एसयूव्ही (औषध किती साठले ते सांगणारा आकडा) ११.४ आहे आणि कर्करोगाची, विशेषतः लिम्फोमाची म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या कर्करोगाची, शक्यता विचारात घ्यावी. केंद्रावर अहवाल हाती देणाऱ्या व्यक्तीने तर ‘अकरा म्हणजे खूपच जास्त’ असे तोंडी सांगितले. पुढचे नऊ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. त्यानंतर ब्रॉन्कोस्कोपीतून सुईने गाठीचा तुकडा काढला गेला आणि त्यात क्षयरोगाचे जंतू सापडले. औषधे सुरू होऊन आता तीन आठवडे झाले आहेत.

निदान क्षयरोगाचे झाले याचा आम्हाला आनंद झाला, हे लिहितानाही विचित्र वाटते, पण ते खरे आहे. माझे प्रश्न असे की, यंत्र चुकले का? इतकी महागडी तपासणी क्षयरोग आणि कर्करोग यांतला फरक सांगू शकत नसेल, तर ती करायचीच कशासाठी? उपचार संपल्यावर पुन्हा पेट-सीटी करावी लागेल असे एका नातेवाइकाने सांगितले आहे, ते आवश्यक असते का? शेवटचे म्हणजे, तपासणीच्या दिवशी वडील रात्री आठला घरी पोहोचले, तेव्हा माझी तीन वर्षांची मुलगी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली होती आणि माझी गरोदर बहीणही त्याच खोलीत होती. वडिलांना सकाळी अकरा वाजता दिलेल्या किरणोत्सारी इंजेक्शनमुळे त्या दोघींना काही धोका झाला असेल का?

अणुवैद्य

गेली सतरा वर्षे मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार होतात तेथे, डॉक्टर म्हणून काम करतो. यंत्र चुकले का, याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र अहवाल ज्या शब्दांत तुमच्यापर्यंत पोहोचला, त्याची पाठराखण मी करणार नाही. तीव्र एफडीजी शोषण असलेल्या छातीतील गाठी दिसल्या की आपल्याकडे क्षयरोग आणि सार्कॉइडोसिस (कर्करोग नसलेला, गाठी आणणारा दाहाचा एक आजार) ही दोन नावे लिम्फोमाच्या शेजारी लिहिलीच पाहिजेत. संध्याकाळचा ताप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर मी क्षयरोग पहिला लिहिला असता.

आता ती तपासणी काय पाहते ते सांगतो. एफडीजी म्हणजे ग्लुकोजच्या रेणूतील एक हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला रेणू. पेशीला तो ग्लुकोजच वाटतो. ग्लुकोज आत नेणारी वाहक प्रथिने त्यालाही आत नेतात, हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते, आणि येथवर सारे नेहमीसारखे घडते. पुढच्या पायरीवर मात्र त्या एका बदललेल्या जागेमुळे रेणूचे विघटन अडते, फॉस्फेट जोडल्यामुळे त्याला पेशीबाहेरही सहज पडता येत नाही, आणि जी पेशी जास्त ग्लुकोज ओढते तिच्यात तो तासाभरात साठत जातो. फ्लोरिन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) ऊतीमध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर जाऊन एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोघेही नष्ट होतात आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. रुग्णाभोवतालचे कडे या जोड्या टिपते आणि त्यांवरून साखर कोठे साठली याचा नकाशा तयार होतो. सीटीचा भाग त्या नकाशाला शरीराचा पत्ता देतो.

अनेक कर्करोगांच्या पेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवले होते आणि एफडीजीचा कर्करोगातला सारा उपयोग त्यावर उभा आहे. पण अधाशीपणा ही काही कर्करोगाची मक्तेदारी नव्हे. क्षयरोगाच्या गाठीत जंतूंना वेढा घालून बसलेल्या मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या पेशी अक्षरशः लढाईवर असतात आणि त्यांनाही इंधन लागते. तेव्हा वडिलांच्या छातीत उजळलेले दिसले ते रोगप्रतिकारक पेशींचे काम होते. यंत्राला विचारले होते, ‘येथे ग्लुकोज कोण खातो आहे?’ आणि त्याने बरोबर बोट ठेवले. खाणाऱ्याचे नाव त्याला विचारलेले नव्हते आणि एफडीजी वापरून ते विचारताही येत नाही.

एसयूव्हीबद्दलही लिहितो, कारण त्या एका आकड्याने घरेच्या घरे हादरलेली मी पाहिली आहेत. टोचलेले औषध साऱ्या शरीरात अगदी सारखे पसरले असते, तर प्रत्येक ठिकाणी एसयूव्ही १ आली असती. ११.४ म्हणजे गाठीतल्या सर्वांत उजळ बिंदूपाशी त्या सरासरीच्या अकरा पटींहून थोडे अधिक औषध होते, इतकाच त्याचा अर्थ. निरोगी मेंदूची एसयूव्ही सहज दहाच्या पुढे जाते, कारण मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. उलट काही कर्करोग, उदाहरणार्थ श्लेष्मा तयार करणारे किंवा अगदी संथ वाढणारे, एफडीजी फारसे घेतच नाहीत आणि तेथे दीड-दोनचा आकडाही निर्धास्त करणारा नसतो. क्षयरोग आणि कर्करोग यांच्या एसयूव्ही एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की अमुक आकड्याच्या वर कर्करोग अशी रेघ आपल्या देशात मारता येत नाही.

करायची कशासाठी, हा तुमचा दुसरा प्रश्न. सुई नेमक्या कोणत्या गाठीत घालावी हे ठरवण्यासाठी, आणि रोग आणखी कोठे लपला आहे ते डोक्यापासून मांड्यांपर्यंत एकाच वेळी पाहण्यासाठी. या दुसऱ्या कारणासाठी मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. अहवालाच्या शेवटचा निष्कर्ष तुम्ही येथे दिला आहे. पण त्याच्या आधीच्या दीड-दोन पानांत हाडे, मणके, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी), पोटातील गाठी यांविषयी काही ओळ आहे का? कृपया संपूर्ण अहवाल वाचून सांगा.

शिशाची_वीट

मी पेट-सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. डॉक्टर चित्र पाहतात त्याच्या आधीचे दोन तास रुग्ण आमच्या ताब्यात असतो, आणि चित्र बिघडायचे असेल तर ते बहुधा तेव्हाच किंवा त्याच्याही आधी, रुग्णाच्या घरी, बिघडते.

आधी आपल्या मुलीबद्दल आणि बहिणीबद्दल लिहितो, कारण ती काळजी सर्वांत जाचणारी असेल. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा वेळ, ११० मिनिटे आहे. सकाळी अकराला दिलेल्या औषधाचा रात्री आठपर्यंत, म्हणजे नऊ तासांत, जवळजवळ तिसावा हिस्सा उरतो, आणि लघवीवाटे बाहेर पडलेला भाग यात धरलेलाच नाही. तपासणीच्या दिवशी गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याशी काही तास जवळीक टाळावी असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ते काही तास पुण्याहून सांगलीला येण्यातच संपले होते. आपल्या बहिणीने याबद्दल मनात काहीही ठेवू नये. वडिलांच्या अंगावर गेलेली किरणांची मात्रा साधारण एफडीजीची सहा-सात मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि सीटीची कशी केली त्यानुसार कमी-अधिक, अशी असते; निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, यावरून अंदाज यावा. एकदा कारणासाठी घेतली तर ही मात्रा फार नाही, पण ‘सहज बघून ठेवू’ म्हणून घेण्याइतकी ती नगण्यही नाही.

तयारीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पुढे कोणाला उपयोग होईल. मी पूर्वी ज्या केंद्रात होतो तेथे मधुमेहाचे एक आजोबा आले होते. सूचनेप्रमाणे सकाळपासून उपाशी होते, पण नेहमीचे इन्सुलिन मात्र निघताना घेऊन आले होते, आणि आमच्या माणसाने रक्तातील साखर तपासली तेवढी, इन्सुलिन कधी घेतले हे विचारायचे राहून गेले. साखर ११८ होती, म्हणून सगळे खूश. स्कॅन झाल्यावर पडद्यावर पाहतो तर दंड, मांड्या, पाठ, सारे स्नायू काळेभोर (आमच्या पडद्यावर औषध साठलेली, म्हणजे ‘उजळलेली’ जागा काळी दिसते)! इन्सुलिनने ग्लुकोज स्नायूंत ढकलले होते आणि त्याबरोबर आमचे औषधही तिकडेच गेले. यकृतातल्या ज्या जागेसाठी तपासणी होती तेथे काही उरलेच नव्हते. त्यांना आठवड्याने पुन्हा यावे लागले. चूक आमचीच होती.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी उजळतात, म्हणून पोटाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना विचारून ती गोळी आधी थांबवतात. खोली फार गार असली तर मानेच्या आणि खांद्यांच्या बाजूची तपकिरी चरबी उष्णतेसाठी साखर जाळू लागते आणि गाठींसारखी दिसते. म्हणून इंजेक्शननंतर ब्लँकेट देतो. त्या तासाभरात ‘बोलू नका’ असे सांगतो ते शिस्त म्हणून नव्हे. एक बाई संपूर्ण वेळ फोनवर मुलीशी हळू आवाजात बोलत राहिल्या आणि त्यांच्या स्वरयंत्राचे स्नायू दोन्ही बाजूंनी उजळले. एकच बाजू उजळली असती तर डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूच्या नसेवर गाठीचा दाब आहे का, असा विचार केला असता. सुपारी चघळत बसणाऱ्यांच्या जबड्याचे स्नायू कसे दिसतात हे आता मी न सांगताही तुम्हाला कळेल.

कोकणकडा

माझा अनुभव पेट-सीटीचा नाही, साध्या थायरॉईड स्कॅनचा आहे, परंतु प्रश्न तोच असल्यामुळे लिहिते. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात माझे हृदय धडधडू लागले, हात थरथरू लागले आणि घाम येऊ लागला. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारे संप्रेरक) जवळजवळ शून्य आणि टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) वाढलेले आले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी ‘थायरॉईड वाढला आहे’ म्हणून तो दाबणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. सुदैवाने त्या सुरू करण्याआधी मी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ, बाईंना भेटले.

त्यांनी मला जे समजावले ते अजून लक्षात आहे. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक जास्त असण्याची निदान दोन कारणे असू शकतात : कारखाना जादा पाळीत चालू असेल, किंवा गोदामाची भिंत फुटून साठवलेला माल रस्त्यावर आला असेल. पहिल्यात, म्हणजे ग्रेव्हज् रोगात, उत्पादन दाबणाऱ्या गोळ्या लागतात. दुसऱ्यात, म्हणजे थायरॉईडच्या दाहात, त्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो, कारण उत्पादन आधीच थांबलेले असते. रक्ताच्या त्या अहवालात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचे इंजेक्शन देऊन वीस मिनिटांनी मानेसमोर कॅमेरा धरायचा.

माझ्या चित्रात लाळेच्या ग्रंथी स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांच्या खाली, फुलपाखरू दिसायला हवे होते तेथे, रिकामी जागा होती. तंत्रज्ञ मुलीने घाबरून मला दोनदा विचारले की मी थायरॉईडच्या गोळ्या घेते का, किंवा अलीकडे आयोडीनचे इंजेक्शन देऊन सीटी केले आहे का, कारण त्यानेही असेच दिसते. दोन्ही नव्हते. दाह होता, धडधडीसाठी महिनाभर एक साधी गोळी घेतली आणि पुढे थायरॉईड काही महिने मंदावून मग आपोआप ताळ्यावर आला. अंगावर पाजत असल्यामुळे किरणोत्सारी आयोडीन-१३१ वापरायचेच नाही हे त्यांनी आधीच ठरवले होते, आणि टेक्नेशियमनंतरही सांगितले तितके तास मी दूध काढून टाकले होते.

म्हणजे माझ्या बाबतीत काहीही न दिसणे हेच निदान ठरले.

तुर्भे_निवृत्त

कोकणकडा यांनी टेक्नेशियमचा विषय काढला म्हणून मला लिहिल्यावाचून राहवत नाही. आयुष्यातील बरीच वर्षे मी किरणोत्सारी रसायनांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत.

शरीरात खुणेचा अणू सोडून त्याचा माग काढायचा, ही कल्पना जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. तरुणपणी मँचेस्टरला असताना तो ज्या घरी राहायचा तेथील मालकीण उरलेले अन्न पुढच्या जेवणात पुन्हा वाढते, असा त्याला संशय होता. त्याने ताटात टाकलेल्या अन्नात थोडा किरणोत्सारी पदार्थ मिसळला आणि काही दिवसांनी नव्या पदार्थाशेजारी किरणोत्सार ओळखणारा इलेक्ट्रोस्कोप ठेवून पुरावा मिळवला, अशी हकीकत तो स्वतःच सांगत असे. खाणावळीत जेवलेल्या कोणालाही या संशोधनाची प्रेरणा समजेल. पुढे याच तत्त्वासाठी त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेक्नेशियमची गंमत अशी की त्याचे एकही स्थिर समस्थानिक नाही, म्हणजे त्याचा प्रत्येक प्रकारचा अणू किरणोत्सारी आहे. १९३७ मध्ये पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे यांना ते सापडले, तेही बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) मारा झालेल्या मोलिब्डेनमच्या पट्टीत. आज ज्या स्वरूपात ते वापरतात त्या टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही. पण त्याचा जनक मोलिब्डेनम-९९ हा ६६ तासांच्या अर्धायुष्याचा असल्यामुळे तो अ‍ॅल्युमिनाच्या नळीत बसवून, भोवती शिसे घालून, दूरच्या रुग्णालयातही पाठवता येतो. रोज सकाळी त्या नळीतून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडायचे. मोलिब्डेनम नळीतच राहतो आणि रात्रभरात तयार झालेले टेक्नेशियम पाण्याबरोबर बाटलीत उतरते. आम्ही याला ‘गाय दोहणे’ म्हणत असू, आणि ही गाय दर सकाळी थोडे कमी दूध देत साधारण आठवडाभर चालते. २००९-१० मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची आणि नेदरलँड्समधील पेटेनची या दोन जुन्या अणुभट्ट्या काही महिने एकाच वेळी बंद पडल्या, तेव्हा जगभर मोलिब्डेनमचा तुटवडा होऊन रुग्णांच्या तारखा पुढे गेल्या होत्या.

या थ्रेडशी याचा संबंध असा की, टेक्नेशियमला स्वतःला कोणताही रोग ओळखता येत नाही. त्याला ज्या रेणूच्या पाठीवर बसवाल त्याच्या घरी ते जाते. नुसते सोडले तर त्याचा आयन आयोडाइडसारखा भासत असल्याने थायरॉईड त्याला पकडते. एमडीपी नावाच्या रेणूला जोडले की ते हाड जेथे नव्याने घडते आहे तेथे बसते, डीटीपीएला जोडले की मूत्रपिंडातून गाळले जाते, डीएमएसएला जोडले की मूत्रपिंडाच्या जिवंत भागात टिकून राहते आणि लहान मुलांमधील व्रण दाखवते, सेस्टामिबीला जोडले की हृदयाच्या स्नायूत रक्त पोहोचते का ते सांगते. एफडीजीचेही तसेच. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ ची, आणि देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉनही तेथेच २००२ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी एफडीजीसारखे ११० मिनिटांचे औषध भारतात येणार तरी कोठून! आजही सायक्लोट्रॉनपासून निघालेली गाडी घाटात पावणेचार तास अडकली, तर शिशाच्या भांड्यातले औषध पावपट होऊन पोहोचते.

रोखठोक

माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. छातीतल्या गाठी सीटीमध्ये दिसल्याच होत्या, त्या मोठ्या होत्या, आणि शेवटी निदान सुईनेच झाले. मग पहिल्याच दिवशी सुई का घातली नाही? मधले अठरा हजार आणि नऊ दिवस वाचले असते. आपल्याकडे पेट-सीटी हल्ली जरा जास्तच सहज लिहिली जाते असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण दर वेळी वैद्यकीयच असते असे मला वाटत नाही.

अणुवैद्य

रोखठोक यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. श्वासनलिकेला चिकटून असलेल्या मोठ्या गाठी सीटीवर दिसत असतील, तर अनेक छातीरोगतज्ज्ञ थेट ईबस करतात. यात ब्रॉन्कोस्कोपच्या टोकावरच सोनोग्राफीची सोय असते आणि श्वासनलिकेच्या भिंतीतून सुई गाठीत जाते. त्या क्रमाने कोणी गेले असते तर मी भांडायला गेलो नसतो. जेथे गाठी बऱ्याच ठिकाणी असतात, सोपी कोणती आणि जिवंत कोणती हे कळत नाही, किंवा आधीची सुई मृत भागात जाऊन काहीच हाती लागलेले नसते, तेथे पेट-सीटी आपली किंमत वसूल करते.

दुसऱ्या टोकाला, काही ट्रेसर, म्हणजे माग काढणारी किरणोत्सारी औषधे, रोगाच्या नावाच्या बरेच जवळ जातात, हेही नोंदवले पाहिजे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ बसवून स्कॅन केला, तर शस्त्रक्रियेनंतर रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून येणारे प्रथिन) किंचित वाढू लागलेल्या रुग्णात काही मिलिमीटरची गाठही सापडू शकते. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) त्या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहीला चिकटणारा डोटाटेट हा रेणू वापरतात. या दोन्हींत पुढचा लाभ असा की, स्कॅनमध्ये जे उजळले त्याच पत्त्यावर गॅलियमऐवजी पेशी मारणारे किरण सोडणारे ल्युटेशियम-१७७ पाठवून उपचारही करता येतो. तरीही पीएसएमए बरगडीच्या जुन्या फ्रॅक्चरमध्ये आणि निरोगी मज्जातंतूंच्या गुच्छांतही उजळते, आणि ते ठाऊक नसलेल्याने वाचले तर बरा होण्याजोगा रुग्ण हाडांत पसरलेला ठरतो.

पुन्हा पेट-सीटी करण्याबद्दल : लिम्फोमामध्ये उपचाराच्या मध्यावर आणि शेवटी ती करणे प्रस्थापित आहे. तेथे गाठीची चमक यकृताच्या आणि छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या चमकेशी ताडून एक ते पाच अशी श्रेणी देतात, त्यामुळे एसयूव्हीच्या एकट्या आकड्यावर भिस्त ठेवावी लागत नाही. क्षयरोगाच्या गाठींत मात्र नेहमीची तपासणी म्हणून तिची गरज नसते. ताप जाणे, भूक येणे, वजन वाढणे यांवर आणि जरूर पडल्यास साध्या सीटीवर डॉक्टर लक्ष ठेवतात. औषधे नीट चालू असतानाही सुरुवातीच्या काही आठवड्यांत गाठी तात्पुरत्या वाढू शकतात, त्यामुळे घाईने केलेला स्कॅन नवी भीती तेवढी देईल.

वारणाकाठ, अहवालाच्या आतल्या पानांचे काय झाले?

वारणाकाठ

उशिरा लिहितो आहे त्याबद्दल क्षमस्व. मधले दिवस धावपळीत गेले. आपण विचारल्यावर मी अहवाल पुन्हा काढला. ‘हाडे’ या मथळ्याखाली एक ओळ होती : नवव्या पाठीच्या मणक्यात सौम्य शोषण, एसयूव्ही ४.१, सीटीवर ठळक बदल नाही, वयोमानाची झीज असू शकेल, लक्षणांशी ताडून पाहावे. निष्कर्षात ही ओळ आली नव्हती आणि ‘लिम्फोमा’ या शब्दापुढे आमच्यापैकी कोणाचेच तिकडे लक्ष गेले नव्हते. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पाठ तर भाद्रपदापासूनच दुखते आहे, पण ती गादी बदलल्यामुळे असेल असे त्यांना वाटत होते.

तो कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मणक्याचा एमआरआय करवला. आठव्या आणि नवव्या मणक्यांत आणि त्यांच्यामधल्या चकतीत क्षयरोगाची सुरुवात निघाली. मज्जारज्जूवर दाब नाही आणि पायांत ताकद पूर्ण आहे. गाठींसाठी औषधे सहा महिने द्यायची ठरली होती, ती आता किमान बारा महिने चालतील असे त्यांनी सांगितले. सहा महिन्यांनी थांबलो असतो तर काय झाले असते, हे मी त्यांना विचारले नाही. दुसऱ्या पेट-सीटीची जरुरी नाही, चार महिन्यांनी एमआरआय पाहू, असे त्यांचे मत पडले, आणि स्कॅनची सीडी मणक्याच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी जपून ठेवायला सांगितली आहे.

रोखठोक यांना सांगायचे तर, अठरा हजारांबद्दल माझी तक्रार आता राहिलेली नाही. ती ओळ आतल्या पानात राहिली याबद्दल मात्र आहे. शिशाची_वीट यांचा मजकूर बहिणीला वाचून दाखवला, तिने तो दोनदा ऐकला. वडिलांचा ताप गेला असून वजन दीड किलोंनी वाढले आहे. पाठीला पट्टा दिला आहे, तो सदऱ्याच्या आतून बांधायचा की वरून, यावर त्यांचा आईशी रोज सकाळी वाद चालू असतो.